डोळे मिटायचा कार्यक्रम

"डोळे उघडा!"

भोंगा विहाराच्या दारातच लावला होता. बाबांचा आवाज कानात शिरायच्या आधी छातीत शिरला. आत सतरंजीवर आम्ही दहा-बारा जण डोळे मिटून बसलो होतो. नुकतंच मी सगळ्यांना सांगितलं होतं, की श्वास येतोय तर येतोय एवढंच कळू द्या, जातोय तर जातोय एवढंच. बाहेरून आवाज आला तर त्याच्याशी भांडायचं नाही. आवाज आहे, एवढंच ओळखायचं.

आवाज आहे हे ओळखायला त्या रविवारी फार साधना लागली नाही.

"बंधूंनो आणि भगिनींनो! माह्या पोरीनं अमेरिकेतून बुद्ध आणला आहे! आपल्या पंचशीलनगरात आजवर बुद्ध नव्हता, म्हणून विमानानं मागवला! आणि हा बुद्ध काय सांगते? डोळे मिटा म्हणते! अरे, ज्यांनी आपल्याले पिढ्यान् पिढ्या डोळे उघडू दिले नाहीत, त्यांनी याच्यापेक्षा वेगळं काय सांगितलं होतं?"

रिक्षावाले गोंडाणेकाका हसू दाबत होते, त्यांच्या नाकातून फुरफुर आवाज येत होता. कॉलेजातल्या दोन मुलींनी डोळे किलकिले करून माझ्याकडे पाहिलं. आई माझ्या समोरच बसली होती. तिचे डोळे मिटलेलेच होते आणि चेहऱ्यावरची रेष हलली नव्हती.

मी मनात म्हणत राहिले, राग आलाय. राग आलाय हे मला कळतंय. छातीत गरम झालंय, दात आवळलेत, हे कळतंय. ओळखला की राग विरतो, असं मी लोकांना शिकवत होते. माझा विरला नाही. मी उठले, बाहेर गेले आणि माइकची वायर उपटली.

"लाव ते," बाबा म्हणाले.

"नाही लावत. आत आई बसली आहे, बाबा."

"तिलेच सांगून राहिलो."

"घरी सांगा नं. रोज एका ताटावर बसता."

"घरी ऐकते कोण? घरी तर तुम्ही दोघी नाक पाहून राहिल्या, श्वास आला का गेला." त्यांनी पायऱ्यांखाली जमलेल्या लोकांकडे पाहिलं. समोर चार माणसं असली की बाबांचा आवाज आपोआप सभेचा होई. "हे विहार लोकांनी विटा डोक्यावर वाहून बांधलं. तुह्या दवाखान्यातल्या नाटकासाठी नाही बांधलं."

"बुद्ध बसला होता, बाबा. तुम्हीच शिकवलं. झाडाखाली बसला होता."

"बसला आणि उठला! उठून म्हातारा होईपर्यंत गावोगाव पायी फिरला. त्याचं फिरणं सोडून तुम्ही बसणं तेवढं उचललं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वायर हातात घेऊन मी तशीच उभी राहिले.

माझे वडील दौलत रामटेके. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत असा मोर्चा नाही की ज्याच्या पुढे ते नव्हते, अशी जयंती नाही की जिथे ते बोलले नव्हते. बाबासाहेबांचा फोटो आमच्या घरात देवासारखा नव्हता, घरातल्या कर्त्या माणसासारखा होता. काही चुकलं की बाबा त्या फोटोकडे बोट करत आणि म्हणत, "त्यांना काय सांगशील?" माझं नाव त्यांनी खेमा ठेवलं, बुद्धाच्या एका शहाण्या भिक्खुणीवरून. माझ्या धाकट्या भावाचं ठेवलं उपाली.

उपाली जाऊन तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती. वर्ध्याच्या मोर्च्याहून परत येताना वस्तीतल्या लोकांनी भरलेला टेम्पो उलटला. बाबा पुढे ड्रायव्हरशेजारी होते, त्यांना खरचटलंसुद्धा नाही. त्यांनी एकट्यानं एकेक माणूस ओढून बाहेर काढला. हिरामण मेश्रामांचा पंकज वाचला, सुमनबाई वाचल्या, सगळे वाचले. उपाली तेवढा जागीच गेला. शोकसभेत बाबा स्वतः बोलले. "माझा मुलगा गेला नाही, तो चळवळीचा झाला," असं म्हणाले. विहाराशेजारच्या अभ्यासिकेला त्याचं नाव दिलं, फोटो लावला. बाबांच्या डोळ्यांत त्या दिवशी पाणी आलं नाही आणि नंतरही मी कधी पाहिलं नाही.

मी सरकारी दवाखान्यात भाजलेल्यांच्या वॉर्डात नर्स होते. एकदा आम्हाला ताण कमी करायचं ट्रेनिंग आलं. कुठल्याशा कंपनीची बाई होती, छान सुती साडी, पडद्यावर तळं आणि तळ्याकाठी बुद्धाची मूर्ती. "माइंडफुलनेस," ती म्हणाली. मग म्हणाली, "घाबरू नका, यात धर्मबिर्म काही नाही. बुद्धाचं नाव कोणी ऐकलंय का?" हॉलमधल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. माझं आडनाव सगळ्यांना माहीत होतं. मी हात वर केला नाही. आमच्याच घरातली वस्तू आम्हालाच नव्या डब्यात घालून दाखवत होती ती, आणि वर सांगत होती की घाबरू नका.

चिडूनच वॉर्डात परतले. पण दुसऱ्या दिवशी एका लहान मुलीची पट्टी बदलताना माझ्या ध्यानात आलं, की मी चिकटलेली पट्टी जोरानं ओढतेय. राग ट्रेनिंगला पाठवणाऱ्या हेड सिस्टरवर होता, ट्रेनिंगवाल्या बाईवर होता, आणि तो या पोरीच्या कातडीवर निघत होता. मी थांबले. एक श्वास आत गेलेला पाहिला, बाहेर आलेला पाहिला. मग हात हलका झाला. पोरगी रडत होतीच, पण माझ्या हातामुळे जेवढी जास्तीची रडत होती तेवढी थांबली.

त्या रात्री मला आठवलं, की हे तर बाबांनीच लहानपणी आम्हा दोघांकडून पाठ करून घेतलं होतं. सम्यक दृष्टी, सम्यक संकल्प, असं म्हणत म्हणत सम्यक स्मृतीपर्यंत, म्हणजे याच जागेपणापर्यंत. पाठ होतं, अर्थ कधी विचारला नव्हता. एका भंतेंकडे जाऊन मी रीतसर शिकले. वर्षभरानं रविवारी सकाळी विहारात बसायला सुरुवात केली. आधी एकटीच बसत होते. मग आई आली. मग आणखी काही जण आले. बाबांनी आमच्या बसण्याला नाव दिलं, "डोळे मिटायचा कार्यक्रम." आई जायला लागली त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी घरात बोलणं टाकलं. काही सांगायचं असलं की भिंतीकडे पाहून सांगत.

भोंग्याचं प्रकरण झाल्यावर हिरामण मेश्रामांनी समितीची बैठक बोलावली. मेश्रामकाका विहार समितीचे अध्यक्ष. शांत माणूस. पंकजला बाबांनी वाचवलं होतं, त्यामुळे बाबांसमोर ते कधी आवाज चढवत नसत.

"ठराव सोपा आहे," बाबा उभे राहून म्हणाले. "विहारात वंदना होईल, प्रवचन होईल, पोरांचा अभ्यास होईल. डोळे मिटायचा कार्यक्रम होणार नाही."

"का?" मी विचारलं.

"अध्यक्षांना विचारा, मी यांच्याशी बोलत नाही."

"काऊन म्हणते ती, दौलतभाऊ," मेश्रामकाका म्हणाले.

"काऊन? पाणी नाही आलं तर हंडा घेऊन महापालिकेवर जाणारी बाई आता म्हणते, मी राग पाहून राहिली! गोंडाणेच्या रिक्षाचं परमिट अडवलं, तो म्हणते, मी श्वास पाहून राहिलो! अरे, राग पाहाचा नसते, राग वापराचा असते! राग होता म्हणून आपण माणसं झालो."

"मी परमिटसाठी भांडून आलो, दौलतभाऊ," गोंडाणेकाका मागून म्हणाले. "मिळालं. फक्त या टायमाला तिथल्या बाबूची कॉलर नाही धरली."

लोक हसले. बाबांना हसणं आवडलं नाही.

"उपाली असता," ते म्हणाले, "तर त्यानंच हे बंद पाडलं असतं. त्याच्या नावाच्या खोलीशेजारी त्याची बहीण लोकांले झोपवून राहिली."

माझ्यातलं काहीतरी तुटलं. "उपालीचं नाव घेऊ नका."

"माह्या पोराचं नाव मी घेऊ नको?"

"तुम्ही त्याला पोरगा ठेवलाच कुठे? पोस्टर केलं त्याचं. गेला त्या दिवशी तुम्ही भाषण केलं, बाबा. आई तिकडे दातखीळ बसून पडली होती आणि तुम्ही भाषण केलं. त्याच्यासाठी एक थेंब काढला का तुम्ही कधी?"

आई दाराशी बसली होती, तिनं पदर तोंडाला लावला. बाबा माझ्याकडे पाहत राहिले. कित्येक महिन्यांनी ते सरळ माझ्याकडे पाहत होते आणि ती नजर बापाची नव्हती.

मेश्रामकाकांनी घसा साफ केला. "दौलतभाऊ, एक सांगतो. तुम्ही कधी बसले नाही. न पाहता ठराव करणं तुमच्या तत्त्वात बसत नाही. येत्या रविवारी एकदा बसा. मग तुम्ही म्हणाल तसं करू. तुमच्या शब्दाबाहेर मी कधी गेलो का?"

"बसतो," बाबा म्हणाले. "सगळ्या वस्तीसमोर बसतो. आणि उठून सांगतो, याच्यात काय थोतांड आहे ते."

रविवारी विहारात पाय ठेवायला जागा नव्हती. लोक बसायला आले नव्हते, पाहायला आले होते. खिडक्यांतूनही माणसं डोकावत होती. बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. गुडघ्यांमुळे खाली बसता येत नव्हतं, म्हणून पहिल्या ओळीत खुर्ची ठेवली. ते ताठ बसले, हात मांडीवर, जणू फोटो काढायचाय.

त्रिशरण-पंचशील झालं. मी सांगायला सुरुवात केली. डोळे अलगद मिटा. श्वास मुद्दाम घ्यायचा नाही, जसा आहे तसा. मन कुठे गेलं तर गेलं हे कळू द्या.

बाबांचे डोळे उघडे होते. ते माझ्याकडे रोखून पाहत होते.

"बाबा, डोळे."

"मले मिटलेल्या डोळ्यांनी दिसत नाही."

खिडकीतून कोणीतरी खिदळलं. बाबांच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं. सभा त्यांच्या हातात आली होती आणि ते त्यांना कळलं होतं. मला ते हसू सहन झालं नाही.

"घाबरता का?" मी विचारलं.

शिकवणाऱ्यानं असं विचारायचं नसतं. मी विचारलं, आणि ऐकू जाईल असं विचारलं.

त्यांचं हसू गेलं. त्यांनी डोळे मिटले.

सुरुवातीला काही झालं नाही. लोक हळूहळू गप्प झाले. बाहेर कुठेतरी प्रेशर कुकरची शिट्टी झाली, एक स्कूटर गेली. मी डोळे मिटले नव्हते, बाबांनाच पाहत होते. खरं सांगायचं तर मी वाट पाहत होते. ते डोळे उघडतील, काहीतरी चेष्टा करतील, मग मी काय म्हणीन, ते उत्तरही तयार होतं.

मग त्यांचा श्वास मला ऐकू यायला लागला. तो तुटक येत होता. मांडीवरच्या हाताची बोटं वळली, उघडली, पुन्हा वळली, जणू काही धरत होती आणि सोडत होती. कपाळावर घाम आला. वॉर्डात मी असे चेहरे पाहिले होते, त्यामुळे मी उठून त्यांच्याजवळ गेले आणि खांद्याला हात लावला.

"बाबा, डोळे उघडा. पुरे."

त्यांनी डोळे उघडले. क्षणभर मी कोण हे त्यांना कळलं नाही. मग कळलं. ते उठले ते खुर्ची मागे पाडूनच, आणि त्यांनी माझ्या थोबाडीत मारली.

आयुष्यात त्यांनी माझ्यावर कधी हात उचलला नव्हता.

"तू मुद्दाम केलं," ते म्हणाले. आवाज सभेचा नव्हता, कसलाच नव्हता. "तुले माहीत होतं. मुद्दाम केलं." आणि लोकांना बाजूला सारत ते बाहेर गेले. चप्पलसुद्धा घातली नाही.

मला काहीच माहीत नव्हतं. गाल जळत होता. आणि तरीही, त्या जळणाऱ्या गालासकट, मला बरं वाटत होतं. सगळ्या वस्तीनं पाहिलं होतं, की मी मारलं नाही, त्यांनी मारलं.

आई उठून माझ्याजवळ आली. वाटलं, गालाला हात लावेल.

"जिंकली का?" ती म्हणाली. "जाय आता. शोधून आण त्यांले. अनवाणी गेले."

ऊन चांगलंच तापलं होतं. बाबा मला रेल्वेच्या कुंपणाजवळ सापडले, बंद पडलेल्या रेशन दुकानाच्या ओट्यावर. तळपाय भाजले होते, ते एका पायावर दुसरा पाय घासत होते. मी त्यांची चप्पल समोर ठेवली. त्यांनी घातली नाही. मी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसले.

"चला घरी."

"तू जाय."

"आईनं पाठवलंय. मी माझ्या मनानं आली नाही."

एक मालगाडी गेली. गाडीचा आवाज विरला तेव्हा ते म्हणाले, "त्या दिवशी मी कोणाले पहिले काढलं, माहीत आहे तुले?"

"पंकजला. सगळ्यांना माहीत आहे."

"पंकजच्या बाजूले उपाली होता."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते कुंपणाकडे पाहत होते.

"तो जागीच गेला नव्हता. हाक मारून राहिला होता. बाबा, बाबा, करून राहिला होता. त्याच्या पायावर टपाचा लोखंडी दांडा पडला होता. पंकज बेशुद्ध होता, चूप. मी दोघांच्या मधात उभा होतो." त्यांची बोटं पुन्हा वळली. "मोर्चा मी नेला होता. लोकांची लेकरं मी माह्या शब्दावर नेली होती. मले वाटलं, आपलं पोरगं पहिले काढलं तर हिरामणले कोणतं तोंड दाखवू? उपालीले म्हटलं, थांब, आलोच. पंकजले काढलं. मग सुमनबाई हातालेच लागली, तिले काढलं. परत गेलो. तर तो चूप."

ऊन डोळ्यांत घुसत होतं. माझ्या तोंडून निघालं ते नर्सचं निघालं. "ओरडणारा माणूस थांबू शकतो. जो गप्प आहे त्याच्याकडे आधी जायचं, असंच शिकवतात आम्हाला. तुम्ही केलं ते बरोबर केलं. दांड्याखाली पाय असेल तर तो तुमच्या एकट्यानं निघालाही नसता."

"तू मले दवाखाना नको सांगू," ते म्हणाले. "तो पेशंट नव्हता."

मग मला राग आला. इतका वेळ दबा धरून बसला होता तो. "आणि आम्हाला सांगितलं जागीच गेला. इतकी वर्षं. मी रोज माणसं मरताना पाहते, बाबा. प्रत्येक वेळी मनाला सांगत होते, की उपालीला काही कळलं नसेल. त्याच्यावर तरले मी. आणि तुम्ही खोटं सांगितलं."

"खरं सांगितलं असतं तर काय केलं असतं तू?"

"माहीत नाही. पण ते माझं होतं. तुम्ही ठेवून घेतलं."

ते पुन्हा पायावर पाय घासायला लागले.

"म्हणून डोळे मिटत नव्हते?"

"झोपतो तेव्हाही लाइट लावून झोपतो. तुह्या मायले विचार." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "सांग आता. तुह्या श्वासानं जाते हे?"

आमच्या वर्गात येणाऱ्या दुसऱ्या कोणी हे विचारलं असतं, तर मी काहीतरी मऊ सांगितलं असतं. त्यांना मला मऊ सांगायचं नव्हतं.

"नाही जात."

"मग काय कामाचं आहे ते?"

"आज तुम्ही उपालीजवळ बसले," मी म्हटलं. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा. काही मिनिटं का होईना, बसले. बाकी भाषणंच केली."

"दुष्ट आहेस तू."

"तुमचीच आहे."

ते उठले आणि चप्पल घातली. "चल."

"आईला तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार."

"तिले कशाले? या वयात?"

"मग इथेच बसा," मी म्हटलं, आणि चालायला लागले. थोड्या वेळानं मागून चपलांचा आवाज आला.

पुढचं सगळं सांगायचं तर लोकांना वाटतं तसं काही झालं नाही. बाबा त्यानंतर कधी बसले नाहीत. पुढच्या बैठकीत त्यांच्याच सांगण्यावरून ठराव मताला टाकला तेव्हा त्यांनी आमच्या विरोधातच हात वर केला. त्यांच्या बाजूनं तो एकच हात होता आणि तो त्यांनी शेवटपर्यंत खाली घेतला नाही. थोबाडीत मारल्याबद्दल ते मला कधी काही म्हणाले नाहीत, आणि मीही भर वस्तीत "घाबरता का" म्हटल्याबद्दल त्यांना काही म्हटलं नाही. ते जाईपर्यंत आम्ही दोघं असेच होतो, एकमेकांच्या समोरासमोर. पण बोलणं सुरू झालं. भिंतीकडे पाहून नाही, माझ्याकडे पाहून भांडत. बुद्धानं दुःख पाहायला सांगितलं की हटवायला सांगितलं, यावर त्यांच्या शेवटच्या आजारातही आमची जुंपली होती.

मी सांगते ती त्या दुपारची गोष्ट.

आम्ही घरात शिरलो तेव्हा आई ओट्याशी उभी राहून भाकरी थापत होती. आमच्याकडे तिची पाठ होती. बाबा दारातच थांबले. मी आत जाऊन मटक्यातलं पाणी घेतलं आणि त्यांना दिलं नाही, स्वतःच प्यायले.

"शेवंता," बाबा म्हणाले.

आईला तेव्हा एका कानानं कमी ऐकू यायला लागलं होतं. ती वळली नाही.

"शेवंता!"

"काय आहे? जेवाले बसा. पाय धुवा आधी."

"उपाली जागीच नव्हता गेला."

ते इतक्या हळू म्हणाले, की मलाच जेमतेम ऐकू आलं. आई म्हणाली, "काय म्हणता? मोठ्यानं बोला."

सगळ्या नागपुरात ज्यांचा आवाज लोक ओळखत, त्यांना मोठ्यानं बोलता येईना. दोनदा तोंड उघडलं. मग ते ओरडलेच. शेजारच्या घरात चाललेलं बोलणं थांबलं. "तो जिवंत होता! हाक मारून राहिला होता! मी हिरामणच्या पोराले पहिले काढलं!"

आईच्या हातात भाकरी तशीच राहिली. तिनं ती तव्यावर टाकली नाही, परातीत ठेवली. गॅस बंद केला. पिठाचे हात पदराला पुसले आणि ती वळली. मला वाटलं, आता ती खाली बसेल, मागच्या वेळेसारखी दातखीळ बसेल. मी दोन पावलं पुढे झाले. तिनं हातानं मला थांबवलं.

"काय म्हणून राहिला होता तो?"

"बाबा म्हणून राहिला होता."

"अजून?"

"अजून काही नाही."

"खरं सांगा."

बाबांनी दाराच्या चौकटीला धरलं. त्यांच्या चेहऱ्यावरून पाणी खाली येत होतं आणि ते त्यांना कळतही नव्हतं. "शेवटी आई म्हणे. दोन-तीनदा. मी पंकजले घेऊन रस्त्यावर होतो. मले ऐकू आलं. आई, आई."

मी आईच्या श्वासाकडे पाहत होते, सवयीनं. तो चालू होता, लांब, खालून वर येत होता.

"मले तेव्हाच सांगाचं होतं," ती म्हणाली. "इतकी वर्षं तो हाक मारून राहिला, आणि मले माहीतच नाही. मी ओ नाही दिली."

"शेवंता..."

ती त्यांच्या शेजारून पुढे झाली, त्यांना बाजूला न सारता, आणि उंबऱ्यात जाऊन उभी राहिली. समोर रिकामी गल्ली होती, कोणीतरी वाळत घातलेल्या चादरी होत्या, भर उन्हात झोपलेलं कुत्रं होतं. तिनं तोंडाशी हात नेला, आम्ही लहान असताना संध्याकाळी खेळातून घरी बोलवायला न्यायची तसा, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं तिनं ओ दिली.

"ओ रे माह्या बाळा! ओ!"